रोममध्ये जमिनीखाली

आज ग्रुपसोबत आपिया रस्त्यावरच्या सान कालिस्तो कॅटाकोंबमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या प्राचीन दफनभूमीत, उतरलो. वर रणरणतं ऊन, खाली शाल हवीशी वाटेल असा गारवा. तुफा नावाच्या मऊ ज्वालामुखी दगडात खोदलेले बोळ, दोन्ही बाजूंना एकावर एक थडग्यांचे कप्पे. तान्ह्या बाळांचे तर जेमतेम हातभर! ख्रिस्ती लोक इथे लपून राहायचे हे सिनेमावाल्यांचं खूळ, ही मुळात दफनभूमीच, असं गाईडबाईंनी ठणकावलं. तिसऱ्या शतकातल्या पोपांची दफनखोली १८५४ साली पुरातत्त्वज्ञ दे रॉस्सींना सापडली. श्रद्धेसाठी मारल्या गेलेल्या संत सेसिलियाचा पुतळा इथे नक्कल आहे. शिल्पकार मादेर्नोचा मूळ पुतळा रोमच्याच त्रास्तेव्हेरे भागातल्या चर्चमध्ये. तरी मानेवरचा घाव आणि एका हाताची तीन, दुसऱ्याचं एक अशी पुढे केलेली बोटं (तिघांत एकच देव या श्रद्धेची खूण) बघण्यासारखी. आत फोटोला बंदी, तेव्हा कॉमेंटमध्ये मागू नका. उद्या त्रास्तेव्हेरे!