आमची वाटचाल : फोनशेजारच्या वहीतून घडलेली वेबसाइट

यंत्रांतून तेल-पाणी गळू नये म्हणून लागणारी रबरी सील, ओ-रिंग (गोल कड्या) आणि गास्केट (सपाट चकत्या) बनवण्याचा आमचा छोटा व्यवसाय आहे. आमची पहिली वेबसाइट आम्ही केली ती केवळ आमच्या क्षेत्रातल्या इतरांची होती म्हणून. तिच्या मुखपृष्ठावर फ्लॅश या हलत्या चित्रांच्या जुन्या तंत्रात बनवलेली फिरणारी चक्रे होती, त्यांतून आमचे नाव हळूहळू उमटत असे, आणि मालाची यादी पाहायची तर संस्थापकांचे मनोगत ओलांडून जावे लागे. आम्हाला तिचा मनापासून अभिमान होता. मात्र आयफोनवर फ्लॅश कधीच चालले नाही, त्यामुळे लोक मोबाइलवर साइट उघडू लागले तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांना आमच्या नावाच्या जागी रिकामा चौकोन दिसत होता, आणि हे आम्हाला बरेच उशिरा समजले.

नवी वेबसाइट करायचे ठरले तेव्हा रंग आणि मांडणी यांवर चर्चा सुरू झाली. ती थांबवली आमच्याकडे ऑर्डर घेणाऱ्या सहकारी बाईंनी. त्यांनी फोनशेजारी एक वही ठेवली आणि दोन महिने ग्राहकाचा प्रत्येक प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहून ठेवला. ‘आतला व्यास एवढा, जाडी एवढी, मिळेल का?’, ‘गरम तेलात टिकेल का?’, ‘कमीत कमी किती नग घ्यावे लागतील?’, ‘जुना नमुना पाठवला तर तसाच बनवून द्याल का?’ असे तेच ते प्रश्न पानोपानी होते. आमचा इतिहास कोणीही विचारला नव्हता, आणि जे विचारले होते त्यातल्या एकाचेही उत्तर वेबसाइटवर नव्हते. ती वहीच आमच्या नव्या वेबसाइटचा आराखडा ठरली.

मापांचा तक्ता पूर्वी छापील कागद स्कॅन करून चित्र म्हणून टाकलेला होता. मोबाइलवर तो बोटांनी मोठा करून इकडेतिकडे सरकवत वाचावा लागे, आणि ते आकडे साइटवरच्या शोधातही सापडत नसत. आम्ही तो सगळा तक्ता पुन्हा मजकूर म्हणून टाइप केला. प्रत्येक मटेरियलला, म्हणजे रबराच्या प्रत्येक प्रकाराला, स्वतंत्र पान दिले आणि त्यावर ते कुठे चालते याबरोबरच कुठे चालत नाही हेही स्पष्ट लिहिले : नायट्राइल खनिज तेलात चांगले टिकते, ईपीडीएम पाण्याला आणि वाफेला उत्तम, पण खनिज तेलात फुगते, व्हायटॉन साधारण 200 अंश सेल्सिअसपर्यंत तग धरते. आपल्याच मालाची मर्यादा जाहीर लिहावी का, यावर आमच्यात मतभेद झाले. माझे मत आजही ठाम आहे की त्या एका ओळीमुळे ग्राहकाचा जेवढा विश्वास बसतो तेवढा पानभर स्तुतीने बसत नाही. चुकीचे मटेरियल मागवून परत येणारा मालही त्यानंतर कमी झाला.

सर्वांत मोठा फटका बसला तो डोमेनचा, म्हणजे साइटच्या इंटरनेटवरच्या नावाचा. जुनी साइट बनवून देणाऱ्याने डोमेन स्वतःच्या नावावर नोंदवले होते आणि नूतनीकरणाच्या सूचना त्याच्याच पत्त्यावर जात होत्या. एके दिवशी सकाळी मुदत संपून साइट बंद पडली आणि त्याच डोमेनवरचा ईमेलही थांबला. डोमेन परत मिळेपर्यंतचे दिवस फार वाईट गेले. आता नोंदणी व्यवसायाच्या नावावर असून त्या खात्याचे तपशील आमच्यातल्या दोघांकडे असतात.

जुलै 2018 पासून क्रोम ब्राउझर एचटीटीपीएस (माहिती सांकेतिक रूपात पाठवणारी सुरक्षित जोडणी) नसलेल्या प्रत्येक साइटवर ‘सुरक्षित नाही’ असे दाखवू लागला, तेव्हा ‘तुमची साइट खरी आहे ना?’ असे विचारणारे फोन आले. त्या जोडणीसाठी लागणारे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या सेवेकडून विनामूल्य मिळते, त्यामुळे तो प्रश्न लवकर सुटला. पानाचा मुख्य भाग 2.5 सेकंदांच्या आत दिसावा हा गूगलचा निकष गाठायला मात्र वेळ लागला, कारण कॅमेऱ्यातून थेट चढवलेले आमचे फोटो प्रत्येकी कित्येक एमबींचे होते. ते सगळे लहान करून वेबपी या कमी जागा घेणाऱ्या स्वरूपात पुन्हा चढवले.

नवी साइट तयार झाल्यावर मी एका ओळखीच्या फिटरच्या शेजारी बसून, काहीही न सुचवता, तो ती कशी वापरतो ते पाहिले. त्याच्या अंगठ्याला ग्रीस लागलेले होते आणि आमची बारीक बटणे त्याला नीट दाबता येत नव्हती. त्याच आठवड्यात आम्ही बटणे मोठी केली, दाबताच थेट फोन लागेल असा क्रमांक प्रत्येक पानाच्या तळाशी ठेवला, आणि चौकशीच्या फॉर्ममध्ये चौदा रकाने होते ते कमी करून नाव, फोन, माप आणि फोटो एवढेच ठेवले.

त्या फोटोंनी आम्हाला नवे काम दिले आहे. तळहातावर झिजलेली ओ-रिंग आणि तिच्यावर लावलेला व्हर्नियर (बारीक माप घेण्याचे साधन) असा फोटो अनेकजण पाठवतात. पण वापरलेली रिंग दबून चपटी झालेली असते, त्यामुळे तिच्या जाडीवर विसंबता येत नाही, ती ज्या खाचेत बसते त्या खाचेचे माप घ्यावे लागते. हे माप नेमके कुठून कुठपर्यंत घ्यायचे ते दाखवणारी आकृती आम्ही सध्या फॉर्मच्या अगदी वर बसवत आहोत, आणि ती त्याच फिटरला पुन्हा दाखवणार आहोत.