टीपी म्हणजे जमीन गेली असं नाही हो

काल दांडिया बाजारातून मामांकडे गेलो तर मामा नकाशा पसरून बसलेले, बडोद्याजवळच्या भायलीकडचं त्यांचं शेत टीपी, म्हणजे टाउन प्लॅनिंग (नगररचना) स्कीममध्ये आलंय आणि मामींचं एकच, सरकारने जमीन घेतली.

तसं नाहीये. गुजरातेत 1976 चा टाउन प्लॅनिंगचा कायदा आहे, मूळ कल्पना तर 1915 च्या मुंबई कायद्यातली. सरकारी भूसंपादनात सगळी जमीन जाते आणि मोबदला मिळतो, इथे सगळ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र करून प्रत्येकाची साधारण 40 टक्क्यांपर्यंत कापतात, त्यातले 15 टक्के रस्त्यांना, 5 बागांना, 5 शाळा-दवाखान्यांना आणि 15 टक्के विकून स्कीमचा खर्च काढायला. उरलेला चौकोनी फायनल प्लॉट परत तुमच्याच नावावर, रस्त्याला लागून.

मामांचं शेत वाकडंतिकडं, आत जायला धड वाट नव्हती, आता पुढ्यातून रस्ता जाणार. मला खरंच ही पद्धत जास्त न्यायाची वाटते. पण रस्त्याची लाल रेघ बरोबर विहिरीवरून गेलीये, मामा तिथेच बोट ठेवून होते. म्हटलं, स्कीमचा ड्राफ्टच जाहीर झालाय, अजून पक्कं नाही, मुदतीत लेखी हरकत द्या. आज अर्ज लिहायला बसतोय.