तुम्ही विचारलंत म्हणून: मऊ घड्याळ काचेत कसं उतरतं?

‘चित्रकार दालीचं ते वितळलेलं घड्याळ क्रिस्टलमध्ये, म्हणजे शिशाच्या काचेत करायचं तर काच तापवून वाकवता का?’ बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम करणारे हे विचारतात, चित्रकला शिकणारी मुलंही विचारतात. काच वाकवत नाहीत, साच्यात वितळवून ओततात. वाकवलेल्या काचेची जाडी सगळीकडे सारखी राहते आणि ती वाकवलेल्या पत्र्यासारखीच दिसते. मऊपणा डोळ्यांना पटतो तो जाडीच्या फरकामुळे. फांदीवरून लोंबणाऱ्या घड्याळाचा गर घडीपाशी पातळ व्हायला हवा आणि खालच्या ओठाशी साचायला हवा. घडीला १२ मिलिमीटर, ओठाला २५, एवढा फरक पुरतो.

साल्वादोर दालीचं मूळ चित्र, ‘द पर्सिस्टन्स ऑफ मेमरी’, १९३१ सालचं, न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात आहे. आकार २४ बाय ३३ सेंटिमीटर, म्हणजे ए-फोर कागदाहून जरासंच मोठं. त्यातल्या मऊ घड्याळांची पाठ दालीला काढावीच लागली नाही. पारदर्शक काचेत मात्र पाठ पुढून दिसते! पुढचे आकडे आणि मागच्या घड्या एकमेकांत मिसळून नुसता गोंधळ होतो. त्यामुळे पाठ साधी ठेवावी आणि आकडे पाठीमागूनच, आरशातल्यासारखे उलटे खोदावेत. पुढून पाहताना ते काचेत तरंगताना दिसतात. फ्रान्समधल्या नान्सीच्या दोम कारखान्यानं १९६८ पासून दालीबरोबर काम केलं ते पात द व्हेर पद्धतीनं, म्हणजे काचेचे तुकडे साच्यातच वितळवून. बारीक चुऱ्यात हवेचे कण अडकतात आणि काच दुधाळ होते. मोठे तुकडे घेतले तर ती नितळ येते.

पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा घ्यायचा तो नमुना, मेणाचा. मेण पाण्याच्या भांड्यात सुईनं बुडवून किती पाणी सरकलं ते मोजा. ४०० मिलिलिटर सरकलं आणि २४ टक्के लेड ऑक्साइडची काच असेल (घनता सुमारे ३), तर १२०० ग्रॅम काच लागेल, शिवाय रायझरसाठी (साच्याच्या तोंडाशी राहणारी जास्तीची काच) १०० ते १५० ग्रॅम. मेणाभोवती ओतायच्या साच्याला १ किलो प्लॅस्टर, १ किलो सिलिका पावडर आणि १ लिटर पाणी. मास्क लावूनच मिसळा, ही धूळ फुप्फुसात साचते. मेण वाफेनं काढायचं, जाळायचं नाही, कारण काजळी काचेत उतरते.

बेळगावच्या पावसाळ्यात खरी पंचाईत होते ती साचा वाळवताना. हाताला कोरडा लागला तरी आत पाणी असतं आणि भट्टीत वाफ होऊन तोच पाणीदार साचा फुटतो. रोज वजन करा. दोन दिवस वजन घटलं नाही, की वाळला समजा. भट्टीत २०० अंशांवर काही तास थांबायचं. ५७३ अंशांच्या आसपास सिलिका एकदम फुगते, तिथून सावकाश जायचं. ओतकामवाल्यांना धातू पाण्यासारखा पळताना पाहायची सवय असते. काच ८३० अंशांना काकवीसारखी सरकते, कोपऱ्यात पोचायला तिला तास लागतात. घाईनं तापमान वाढवलं तर साचा ढिला पडतो आणि काच भेगांतून बाहेर येते.

मग निववणं. २५ मिलिमीटर जाडीला ॲनीलिंगच्या (काचेतला ताण निघून जाईल अशा) तापमानावर ४ तास, नंतर सुरुवातीला तासाला १५ अंश. जाडी दुप्पट झाली की वेग चौपट कमी, म्हणजे ५० मिलिमीटरला तासाला ४ अंशांहूनही कमी. हिशेब सगळ्यात जाड जागेचाच धरायचा. ॲनीलिंगचा आकडा काचेबरोबर येणाऱ्या तक्त्यातूनच घ्या, अंदाजानं नको. वीज गेली तर झाकण उघडू नका. तापमान ॲनीलिंगच्या खाली घसरलं असेल, तर वीज आल्यावर हळूहळू पुन्हा वर नेऊन ते ४ तास नव्यानं मोजा.

रंग फिका घ्या. १२ मिलिमीटरला छान दिसणारा निळा २५ ला काळपट होतो, आणि मऊपणाची सगळी छटाच हरवते.

दाली १९८९ साली गेला. आपल्याकडे कलावंताच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, तेव्हा विक्रीसाठी त्याच्या चित्राची नक्कल करू नका. तशी गरजही नाही. जिच्यावर माणसं डोळे झाकून भरवसा ठेवतात ती वस्तू मऊ पडली की धक्का बसतो, हे त्याच्याकडून घ्यावं. आमच्या मते धान्य मोजायचं मापटं याला घड्याळाइतकंच शोभतं: काठ ओघळलेला, तळ उंबऱ्यावरून लोंबलेला. खानापूरकडच्या कुंभारकामातल्या हाताला तो ओघळ मेणात चटकन जमेल.

घासताना पाणी चालू ठेवा, कारण शिशाची धूळ कोरडी उडू देता कामा नये. ८० नंबरपासून ६०० पर्यंत सिलिकॉन कार्बाइड, मग प्युमिस, शेवटी सेरियम ऑक्साइड. झळाळी फक्त चेहऱ्याला द्या, घड्या खरखरीतच बऱ्या. आणि बैठकीवर बसवण्याआधी वस्तू एक आडवा, एक उभा अशा दोन पोलराइझरच्या (उजेड एकाच दिशेनं कंपणारा तेवढा सोडणारी गाळणी) मधे उजेडात धरून पाहा: घडीपाशी पांढरे पट्टे चमकले तर आत ताण आहे, तिला परत भट्टीत घाला.