जुना स्टुडिओ-संगणक, नवी सिस्टिम आणि काळी चार

माझ्या घरच्या मागच्या खोलीत रेकॉर्डिंगचे जे काही काम चालते, ते २०१२ सालच्या तेरा इंची मॅकबुक प्रोवर चालते. भजनी मंडळे, सुगम संगीताच्या शिकवण्या घेणाऱ्या एक काकू, अधूनमधून एखाद्या एकांकिकेचे पार्श्वसंगीत, एवढाच माझा पसारा. हे यंत्र मी बदलत नाही याचे कारण जिव्हाळ्याचे नसून हिशेबाचे आहे. माझा आठ माइकचा इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज संगणकात नेणारी डबी, फायरवायर या जुन्या प्रकारच्या जोडणीचा आहे, या मॅकबुकला फायरवायर ८०० चे पोर्ट आहे, रॅम मी स्वतः १६ जीबीपर्यंत वाढवलेली आहे. आणि २०२५च्या मॅकओएस टाहोमधून तर फायरवायर काढूनच टाकलेले असल्यामुळे नवा संगणक घेतला की त्याच्या पाठोपाठ नवा इंटरफेसही घ्यावा लागणार.

अडचण सिस्टिमची होती. यंत्रावर एल कॅपिटन, म्हणजे मॅकच्या सिस्टिमची २०१५ची आवृत्ती होती आणि कामापुरती ती उत्तम चालत होती. परंतु ३० सप्टेंबर २०२१ रोजी असंख्य संकेतस्थळे ज्याच्या भरवशावर चालत होती त्या एका मूळ प्रमाणपत्राची (संकेतस्थळ खरे असल्याची संगणकाला पटणारी खूण) मुदत संपली, त्याच्या जागी आलेले नवे प्रमाणपत्र एल कॅपिटनला ठाऊक नव्हते, आणि त्या दिवसापासून निम्मे इंटरनेट या यंत्राला परके झाले. मी तरीही दिवस ढकलत होतो. अखेर एका प्लगइनचा (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या सॉफ्टवेअरचा) परवाना नव्याने पडताळायची वेळ आली, तेव्हा परवाना सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला सर्व्हरशी बोलताच येईना, आणि मग मात्र निर्णय घ्यावा लागला.

अशा वेळी बहुतेक जण ‘या मशीनवर नव्यात नवे काय चढेल’ असे विचारतात. या मॉडेलसाठी त्याचे अधिकृत उत्तर २०१९ची कॅटालिना हे आहे. मी उलट बाजूने सुरुवात केली: जुनी गाणी उघडण्यासाठी ज्याच्यावाचून अडेल, असे सर्वांत जुने सॉफ्टवेअर कोणते, आणि ते कुठपर्यंत चालेल? सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये ॲप्लिकेशन्सच्या यादीत एखादे ॲप ६४ बिटचे, म्हणजे नव्या घडणीचे, आहे की नाही ते कळते. प्लगइन त्या यादीत सापडतीलच असे नाही, म्हणून ते मी टर्मिनलमधून एकेक करून तपासले. हार्मोनियमचा एक सॅम्पलर (ध्वनिमुद्रित सूर वाजवून वाद्याचा आवाज देणारा प्लगइन) आणि टेप-इकोचा, म्हणजे प्रतिध्वनीचा, एक प्लगइन असे दोन जुन्या घडणीचे, ३२ बिटचे निघाले. रेकॉर्डिंगसाठी मी रीपर हे सॉफ्टवेअर वापरतो आणि रीपर असे प्लगइन मधल्या एका दुव्यामार्फत चालवून घेतो, म्हणून ते ३२ बिटचे आहेत हे इतकी वर्षे माझ्या ध्यानातही आले नव्हते. कॅटालिनाने ३२ बिटचे सगळेच बंद केले. त्याच्या आधीची, २०१८ची मोहावे हा प्रकार चालवून घेणारी शेवटची आवृत्ती. तेव्हा मुक्काम मोहावेलाच ठरला. अधिकृत मर्यादा ओलांडून जुन्या मॅकवर नवी सिस्टिम बसवणारे पॅचर मिळतात आणि ते चांगले चालतात असेही अनुभवी लोक सांगतात, परंतु त्याने ३२ बिटचे दुखणे बरे होत नाही, आणि ज्या यंत्रावर पोट आहे त्यावर असले प्रयोग करण्याची माझी तयारी नाही.

हार्मोनियमचा सॅम्पलर ज्यांनी बनवला त्यांनी केव्हाच दुकान आवरले आहे. नव्या डिस्कवर त्याने परवाना मागितला तर द्यायला कोणी नाही, हे गृहीत धरूनच मला चालावे लागणार होते. म्हणून सिस्टिमला हात लावण्याआधी दोन आठवडे, रोज रात्री तासभर, मी प्रत्येक जुने प्रोजेक्ट उघडून त्यातला एकेक ट्रॅक स्वतंत्र वेव्ह फाइल म्हणून काढला. प्रत्येक फाइल प्रोजेक्टच्या शून्य सेकंदापासूनच सुरू करायची, मग त्या ट्रॅकवर पहिला आवाज तिसऱ्या मिनिटाला का येत असेना. असे केले म्हणजे उद्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या फाइल एकाखाली एक ठेवल्या की गाणे जसेच्या तसे उभे राहते. शिवाय प्रत्येक गाण्याचे पूर्ण मिक्स वेगळे काढून ठेवले. त्याचा उपयोग पुढे सांगतो. हे काम अतिशय कंटाळवाणे आहे, आणि संपूर्ण खटाटोपातले सर्वांत मोलाचेही हेच आहे.

आता डिस्क. चालू सिस्टिमवरच नवी सिस्टिम चढवायची नाही, एवढे पथ्य मी पाळले. या मॉडेलचे खालचे झाकण दहा स्क्रूंनी बसवलेले असते, त्यांपैकी तीन लांब असतात. ते कुठून काढले हे विसरू नये म्हणून मी कागदावर लॅपटॉपची चौकट काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी चिकटपट्टीने डकवला. जुनी हार्ड डिस्क बाहेर काढली, तिच्यावर ‘एल कॅपिटन, पुसू नये’ अशी चिठ्ठी लावली आणि तिच्या जागी नवी एसएसडी बसवली. काही बिघडलेच, तर अर्ध्या तासात जुनी डिस्क परत आत आणि दुसऱ्या दिवशीचे रेकॉर्डिंग ठरल्या वेळी सुरू. अर्थात फिरती डिस्क कपाटात बसल्या बसल्याही मरू शकते, म्हणून तिची हुबेहूब, थेट सुरू होणारी प्रत दुसऱ्या एका डिस्कवर आधीच काढलेली होती.

इथे एक खड्डा आहे. मोहावे स्वतःच्या डिस्कसाठी एपीएफएस ही नवी मांडणी वापरते, आणि एल कॅपिटनला ती वाचता येत नाही. अशी डिस्क जोडली की एल कॅपिटन ती वाचता येत नसल्याचे सांगून ‘इनिशलाइझ’ करण्याचा पर्याय पुढे करते, आणि घाईत तेच बटण दाबले गेले तर डिस्क पुसण्याच्या वाटेला लागते. गाण्यांची बाहेरची डिस्क म्हणूनच मी जुन्याच मांडणीत, मॅकओएस एक्स्टेंडेडमध्ये ठेवली आहे. ती दोन्ही सिस्टिमना वाचता येते.

मोहावेचा इन्स्टॉलर ताजाच उतरवून घ्यावा. २४ ऑक्टोबर २०१९ रोजी एका प्रमाणपत्राची मुदत संपल्यामुळे त्याआधी उतरवून ठेवलेले इन्स्टॉलर ‘खराब’ असल्याचे सांगून चालायचे नाकारतात. बाकी पेन ड्राइव्ह तयार करणे, डिस्क पुसणे, सिस्टिम बसवणे यात विशेष सांगण्यासारखे काही घडले नाही.

घडले ते नंतर. पहिल्याच चाचणीत तबल्याच्या ट्रॅकवर सरळ रेघ उमटली. कुठे चूक दाखवली जात नव्हती, मीटर मात्र मेला होता. दोन केबल बदलल्या, इंटरफेस बंद करून पुन्हा चालू केला. शेवटी लक्षात आले, की मोहावेपासून प्रत्येक ॲपला मायक्रोफोनची परवानगी द्यावी लागते, आणि सुरुवातीला येणाऱ्या चारपाच खिडक्या घाईने मिटवताना मी रीपरला नकार देऊन बसलो होतो. सिस्टिमच्या दृष्टीने इंटरफेसमधून येणारा कोणताही आवाज हा मायक्रोफोनच असतो.

दुसरी चूक काकूंनी पकडली. जुन्या ट्रॅकवर गायला हेडफोन लावून उभ्या राहिल्या आणि दोन ओळींतच थांबल्या. “अरे, सूर चढलाय. माझी पट्टी काळी चार आहे, हे भलतीकडेच कुठेतरी आहे.” हार्मोनियमवर पाहिले, तर सा पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या मधोमध लोंबकळत होता. नवा ड्रायव्हर बसवल्यावर इंटरफेसने आपले घड्याळ, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने याची गती, बाहेरून घ्यायचे असे धरले होते. बाहेर जोडलेला प्रीअँप (माइकचा आवाज वाढवणारे यंत्र) ४८,००० हर्ट्झवर होता आणि रीपर मात्र ४४,१०० समजून आवाज पाठवत होता. या दोन आकड्यांतला फरक जवळजवळ दीड अर्धस्वराचा भरतो. घड्याळ आतले निवडले आणि काकूंचा सा जागेवर आला. मी स्वतः सकाळपासून तेच गाणे ऐकत होतो आणि मला ते ‘एसएसडीमुळे जरा तरतरीत’ वाटत होते, हे त्यांना सांगितलेले नाही.

आता ते वेगळे काढलेले मिक्स. एल कॅपिटनवर काढलेली फाइल आणि मोहावेवर त्याच प्रोजेक्टमधून नव्याने काढलेली फाइल एकाखाली एक ठेवायची, एकीची फेज उलटी करायची, म्हणजे तिची ध्वनिलाट वरची खाली करायची, आणि दोन्ही एकत्र वाजवायच्या. दोन्ही तंतोतंत सारख्या असतील तर काहीही ऐकू येत नाही. चौदा गाण्यांपैकी अकरांत पूर्ण शांतता मिळाली. दोनांत रिव्हर्बची, म्हणजे खोलीतल्या घुमाऱ्यासारख्या परिणामाची, पुसट सळसळ उरली, आणि ते योग्यच होते, कारण तो रिव्हर्ब आवाज मुद्दाम किंचित हलवत राहतो आणि दर वेळी वेगळा उमटतो. चौदाव्यात मात्र अख्खी हार्मोनियम ऐकू येत होती: सॅम्पलरने अपेक्षेप्रमाणे परवाना मागितला होता आणि नव्या मिक्समध्ये तो गप्प बसला होता. तिथे आधी काढून ठेवलेली वेव्ह फाइल लावली.

मोहावेलाही २०२१नंतर सुरक्षेचे अपडेट मिळालेले नाहीत. त्यामुळे परवान्यांचे काम उरकल्यावर या यंत्राचे वायफाय बंद केले, आपोआप होणारे अपडेट बंद केले आणि फाइलींची ने-आण पेन ड्राइव्हने ठेवली. बफर (आवाज क्षणभर साठवायची जागा) १२८ नमुन्यांवर ठेवून, म्हणजे साधारण २.९ मिलिसेकंदांवर, सर्वांत जड प्रोजेक्ट चाळीस मिनिटे सलग वाजवले. कुठे खट्ट झाले नाही. जुनी डिस्क अजून कपाटात आहे. येत्या आषाढीच्या अभंगांचे काम पूर्ण होईपर्यंत ती तिथेच राहील.