'युरोपियन मूल्यं' नेमकी कुणाची?

युरोपियन युनियनच्या करारातलं कलम २ वाचलं तर नाही म्हणण्यासारखं त्यात काहीच नाहीये, मानवी प्रतिष्ठा, स्वातंत्र्य, लोकशाही, समता, कायद्याचं राज्य. मला हे सगळं जगात सगळीकडे हवंय. खटकतं ते एवढंच की यावर 'युरोपियन ओळख' असा शिक्का मारला जातो, जणू बाकी जगाने हे तिथून उसनं आणलंय.

१७८९ घ्या. फ्रेंच राज्यक्रांतीत, व्हर्सायमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा आला की माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान हक्कांची असतात, आणि तेव्हाच फ्रान्सच्या सँ-दोमँग (आजचा हैती) वसाहतीत लाखो आफ्रिकन गुलाम ऊस-कॉफीच्या मळ्यांत मरेपर्यंत राबत होते. त्यांच्याबद्दल जाहीरनाम्यात चकार शब्द नाही. १७९१ मध्ये तेच लोक उठले. फेब्रुवारी १७९४ मध्ये जाँ-बाप्तिस्त बेले, जो स्वतः आधी गुलाम होता, तिथला प्रतिनिधी म्हणून पॅरिसच्या सभागृहात जाऊन बसला आणि दुसऱ्याच दिवशी सभागृहाने गुलामगिरी रद्द केली! त्याचं पेंटिंग आहे, कमरेला फ्रेंच तिरंगी पट्टा, ते जरूर बघा. पुढे १८०२ मध्ये नेपोलियनने गुलामगिरी परत आणली, तरी हे लोक लढले आणि १८०४ मध्ये हैती स्वतंत्र झाला. मग १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून मळेवाल्यांच्या नुकसानभरपाईपोटी १५ कोटी फ्रँक मागितले. म्हणजे गुलाम करणाऱ्यांनाच भरपाई, आणि ती पण गुलामांनी द्यायची.

'सर्व माणसं' हे शब्द खरे मानले ते हैतीच्या लोकांनी, माझ्या मते तरी.

आता याच्या उलट, मानवी हक्क म्हणजे पाश्चात्त्य थेर असं म्हणणारे हुकूमशहा, त्यांचंही मला अजिबात पटत नाही. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या मसुद्यावर चीनचे पी. सी. चांग, लेबनॉनचे चार्ल्स मलिक, भारताच्या हंसा मेहता यांनी काम केलंय, आणि तेव्हा युरोपातच पोर्तुगालमध्ये हुकूमशाही होती जी १९७४ पर्यंत टिकली, स्वित्झर्लंडमध्ये तर बायकांना देशपातळीवर मत द्यायला १९७१ उजाडलं.

त्यामुळे ही मूल्यं सगळ्यांची आहेत, पण मग ती लागू पण सगळ्यांना व्हायला हवीत ना? युद्धातून पळून आलेल्यांना तात्पुरतं संरक्षण द्यायचा नियम युनियनने २००१ मध्येच केला होता. २०२२ मध्ये युक्रेनच्या लोकांसाठी तो काही दिवसांत लागू केला, आणि ते योग्यच झालं. २०१५ मध्ये सीरियातून माणसं आली तेव्हाही तो होताच, पण वापरला नाही.