दीड हजार रुपये आणि बसचे तिकीट

अर्थसंकल्पाच्या दिवशी बहुतेक चर्चा प्राप्तिकरावरच होते. फेब्रुवारी 2025 मध्ये नव्या करप्रणालीत 12 लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागणार नाही असे जाहीर झाले, तेव्हा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर दिवसभर त्याचाच आनंद चालला होता आणि तो रास्तही होता. पण ज्या घरात महिन्याला जेमतेम वीस-पंचवीस हजार येतात, त्या घराला प्राप्तिकर मुळातच लागत नव्हता. त्याच्या पदरात काय पडले हे पाहायचे, तर राज्याचा आणि महापालिकेचा अर्थसंकल्प शेजारी ठेवून वाचावा लागतो, आणि ती सवय आपल्याला नाही.

राज्याच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी लाडकी बहीण योजनेसाठी 36 हजार कोटी रुपयांची तरतूद केली. त्याच वर्षाची अंदाजित महसुली तूट, म्हणजे उत्पन्नापेक्षा जास्तीचा चालू खर्च, 45,891 कोटी रुपये होती. या योजनेची टिंगल करणाऱ्यांत मी नाही. महिन्याचे 1,500 रुपये थेट बाईच्या नावावरच्या खात्यात येणे, त्यासाठी कोणापुढे हात पसरावा न लागणे, याची किंमत ज्यांना कधी पैसे मागावे लागले नाहीत त्यांना कळणे अवघड आहे.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी गोवंडीहून चेंबूरला येतात आणि त्यांचे यजमान घाटकोपरला वॉचमन आहेत. दोघांचाही प्रवास बेस्टच्या, म्हणजे मुंबई महापालिकेच्या बससेवेच्या, किमान भाड्यात बसतो. 9 मे 2025 पासून साध्या बसचे किमान भाडे 5 रुपयांवरून 10 आणि वातानुकूलित बसचे 6 वरून 12 रुपये झाले. जाऊन-येऊन, महिन्याचे 26 दिवस, असा हिशेब मांडला तर साध्या बसने एका माणसाचा खर्च 260 वरून 520 रुपयांवर गेला. म्हणजे दोघांची मिळून वाढच 520 रुपये. दीड हजारांतला तिसरा हिस्सा आणि वर थोडे. स्टॉपवर आधी एसी गाडी आली, कामावर पोहोचायला उशीर होत असला, की तिच्यातच चढावे लागते. "साध्या गाडीची वाट बघत बसले तर पहिलं घर सुटतं," असे मावशी म्हणतात. बस चुकून रिक्षा करावी, तर तिचे किमान भाडेही त्याच वर्षी 23 वरून 26 रुपयांवर गेलेले.

एक गंमत अशी की एसटीत महिलांना मार्च 2023 पासून तिकीट अर्धे आहे. मावशींना गावच्या जत्रेला जाताना ही सवलत मिळत होती. रोज कामावर नेणाऱ्या बसला मात्र ती लागू नव्हती, कारण एसटी राज्याची आणि बेस्ट महापालिकेची.

बेस्टची बाजू नाही असे नाही. जुलै 2019 मध्ये किमान भाडे 8 वरून 5 रुपयांवर आणले गेले आणि पुढे सहा वर्षे ते तसेच राहिले. तोटा वाढत गेला. प्रश्न तो तोटा कोणी सोसायचा हा आहे. महापालिकेचा 2025-26 चा अर्थसंकल्प 74,427 कोटी रुपयांचा होता, त्यातला सुमारे 58 टक्के भाग भांडवली, म्हणजे रस्ते-पुलांसारख्या, कामांसाठी, आणि बेस्टसाठी अनुदान 1,000 कोटी. शंभर रुपयांतला दीड रुपयाही नाही. ज्या सागरी किनारा मार्गावर दुचाकींना आणि रिक्षांना मज्जाव आहे, त्यावर सुमारे 14 हजार कोटी खर्च झाले, तो खर्च कोणी 'तोटा' म्हणत नाही. रस्ता ही गुंतवणूक आणि बस हे ओझे, ही विभागणी मला पटत नाही. कामावर वेळेत पोहोचणारी बाई शहराच्या उत्पन्नात भर घालतेच की.

राज्याच्या बाजूलाही पैसा आभाळातून पडलेला नाही. 2025 मध्येच लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे सुमारे 410 कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे सुमारे 335 कोटी रुपये वळवण्यात आले, त्यावर खुद्द सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. वसतिगृहे आणि शिष्यवृत्त्या ज्या विभागांच्या अखत्यारीत येतात, तेच हे विभाग. म्हणजे आईच्या खात्यात जमा होणारी रक्कम मुलांच्या शिक्षणासाठी राखून ठेवलेल्या पैशातून उचललेली असू शकते.

मार्च 2022 पासून पुढची जवळपास चार वर्षे मुंबई महापालिकेत नगरसेवकच नव्हते. आयुक्त हेच प्रशासक होते. अर्थसंकल्प प्रशासनाने मांडायचा आणि प्रशासकाने मंजूर करायचा, असे लागोपाठ तीन वर्षे चालले, आणि भाडेवाढही त्याच काळातली. लोकप्रतिनिधी असते तर ती टळली असती असे मी म्हणणार नाही. पण पाच किलोमीटरच्या पहिल्या टप्प्यापुरती तरी ती दोन-तीन रुपयांत भागवा, असे सभागृहात उभे राहून सांगायला कोणीतरी असते.