पहिलं रीडिंग स्वच्छ होतं

ऑक्सिजन २०.८ टक्के, ज्वलनशील वायू शून्य, हायड्रोजन सल्फाइड ३ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत तीन भाग). हॉटेलच्या बेसमेंटमधल्या ग्रीस चेंबरची, म्हणजे किचनच्या सांडपाण्यातली चरबी अडवणाऱ्या टाकीची, झाकणं उघडून अर्धा तास झाल्यावर मीटरने हे आकडे दाखवले. सफाई कंत्राटदाराचा सुपरवायझर लगेच म्हणाला, “झालं साहेब, सगळं नॉर्मल आहे. पोरगा उतरू दे.”

सुरक्षा अधिकारी म्हणून मी उतरू दिलं नाही. पण ते स्वच्छ रीडिंग अजून डोक्यातून जात नाही.

गणपती विसर्जनाचा दुसरा दिवस होता. हॉटेल पुण्याच्या डेक्कन भागातलं. उत्सवात मध्यवस्तीत जड वाहनांना बंदी असते, त्यामुळे गाळ ओढून नेणाऱ्या सक्शन टँकरची एक फेरी हुकली होती. त्याच दिवसांत बँक्वेट भरलेलं आणि फ्रायर दिवसभर चालू. चरबी आणि गाळ मिळून चेंबरच्या खोलीचा चौथा हिस्सा भरला की उपसा करायचा, हा नियम. इथे थर निम्म्यावर पोचला होता. वर दुधावर साय धरते तशी घट्ट पांढरी चरबी, खाली सडलेला भात, डाळ, साली. सिंकच्या तोंडाची जाळी “पाणी तुंबतं” म्हणून स्टुअर्डिंगची (भांडी धुणारी) मुलं काढून ठेवतात, त्याचा हा परिणाम. शिवाय डिशवॉशरचं शेवटचं पाणी ८२ अंशांचं. ते याच लाइनला जोडलेलं असलं की चरबी वितळून पुढे जाते आणि पाइपात गार होऊन बसते. बांधकामाच्या वेळी थोडा पाइप वाचवला की असे जोड होतात आणि त्रास इमारतीच्या आयुष्यभर पुरतो.

चरबीच्या थराखाली हवा नसते. तिथले जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात आणि तो गाळातच अडकून राहतो. वरून मीटरची नळी सोडून मोजलं तर तो दिसत नाही. म्हणून वर, मध्ये आणि तळाशी, प्रत्येक पातळीवर दोन मिनिटं थांबून मोजायचं. आणि मुख्य म्हणजे गाळ ढवळताना नळी आतच ठेवायची. परमिटवर, म्हणजे अशा कामाच्या लेखी परवान्यावर, एक आकडा लिहून मीटर पेटीत परत ठेवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, ती जीवघेणी आहे.

उतरण्याऐवजी मुलगा कडेला उभा राहून लांब दांड्याने थर फोडू लागला. काही क्षणांत मीटरचा १० पीपीएमचा अलार्म वाजला. तरी “थोडंच राहिलंय” म्हणून तो कडेवर पालथा झाला, तोंड मॅनहोलवर. तळाच्या नळीवर आकडा १००च्या वर गेला, म्हणजे जिवाला तात्काळ धोका मानतात ती मर्यादा ओलांडली. आणि तो तिथूनच ओरडला, “साहेब, वास गेला बघा आता!”

वास गेला नव्हता. १०० ते १५० पीपीएमला नाक बधिर होतं. सडक्या अंड्यासारखा वास येतोय तोवर माणूस निदान सावध असतो. तो थांबला की हवा सुधारली असं त्याला वाटतं. ७००च्या पुढे दोन-चार श्वासांत शुद्ध जाते. वायू हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचतो. पहिला पडला की त्याला काढायला दुसरा उडी मारतो आणि तोही पडतो. कमरेला धरून मुलाला मागे ओढलं, सगळ्यांना रॅम्पवर बाहेर काढलं, ब्लोअरची हवा सोडणारी डक्ट तळापर्यंत सोडली. पुढचं काम वरूनच झालं: जेटिंगच्या, म्हणजे जोरदार दाबाच्या, पाण्याने थर फोडायचा आणि सक्शनने ओढायचा. वेळ दुप्पट लागला. माणूस आत घालायची गरज मुळात नव्हतीच.

गाळ सडका होता तरी आकडा इतक्या झपाट्याने का चढला, याचं उत्तर संध्याकाळी मिळालं. रात्रपाळीच्या स्टुअर्डने भांडी धुण्याच्या जागेतलं तुंबलेलं गटार मोकळं करायला डिशवॉशरचा क्षार काढायचं अ‍ॅसिड ओतलं होतं. पाण्याचा पीएच ७च्या खाली गेला, म्हणजे पाणी आम्लधर्मी झालं, की विरघळलेलं सल्फाइड वायू होऊन सुटायला लागतं. ढवळलं की एकदम. अ‍ॅसिड स्टुअर्डिंगच्या ताब्यात, चेंबर इंजिनिअरिंगच्या, परमिट सिक्युरिटीच्या टेबलावर. तिघांना जोडणारा प्रश्न छापील परमिटवर नव्हता.

१९४८च्या कारखाना कायद्याने हजार किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याला सुरक्षा अधिकारी सक्तीचा होता; हॉटेल त्या व्याख्येत बसत नव्हतं. म्हणून बहुतेक हॉटेलांत हे पद सिक्युरिटी किंवा इंजिनिअरिंगच्या हाताखाली असतं आणि काम थांबवायचा अधिकार वरच्याच्या मर्जीवर. चीफ इंजिनिअरने त्या दिवशी थांबवायला विरोध केला नाही, हे नोंदवायला हवं. कंत्राटदाराबद्दल तसं म्हणता येत नाही. गटारं आणि सेप्टिक टँक यांत संरक्षणाशिवाय माणूस उतरवणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे; पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ग्रीस चेंबर त्यात येत नाही, असं तो ठामपणे सांगत होता. वायूला हा फरक कळत नाही.

आता परमिटवर एक ओळ वाढली आहे: गेल्या २४ तासांत या लाइनला काय ओतलं? खाली रात्रपाळीच्या स्टुअर्डची सही. अ‍ॅसिडचे कॅन कुलपात, किल्ली शिफ्ट सुपरवायझरकडे. टँकरची फेरी हुकली तर फ्रायरचं तेल आणि खरकटं लाइनला जाऊ नये, याची जबाबदारी शेफने लेखी घेतली आहे. अडचण उरते ती रात्रपाळीची. ती मुलं एजन्सीची, महिन्या-दोन महिन्यांनी बदलतात, बरीचशी ओडिशा आणि बंगालकडची. सूचना मराठी आणि हिंदीत लागल्या आहेत. उडिया आणि बांगला मजकूर एजन्सीकडून मागितला आहे, तो अजून आलेला नाही.